डोंगर राखणारी मुले

इंदूरच्या मराठी घरांत केदारनाथाचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, देवी अहिल्याबाईंनी तिकडे बांधलेली धर्मशाळा. आणि दुसरी, घरातले कोण कोण तिकडे जाऊन आले याची यादी. आमच्या घरात तिसरीही एक गोष्ट आहे, पण ती निघाली की बोलणे थांबते.

२०१३ च्या जून महिन्यात आमची आत्या आणि काका यात्रेला गेले होते. १६ जूनच्या संध्याकाळी ती दोघे गौरीकुंडात एका लहानशा खोलीत उतरली होती. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. अंधार पडल्यावर खेचरे हाकणारा एक अठरा-वीस वर्षांचा मुलगा एकेक दार ठोकीत आला. "माताजी, ऊपर चलो. नदी की आवाज़ बदल गई है," एवढेच तो म्हणाला. दहाबारा यात्रेकरू त्याच्यामागून चिखलातून चढू लागले. अर्ध्या चढावर काकांना आठवले, औषधांची पिशवी खोलीत राहिली. त्या मुलाने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. "दोन मिनिटांत येतो" असे म्हणून ते उतरले. आत्या वर पोहोचली. काका आले नाहीत.

त्या प्रलयात पाच हजारांवर माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. आत्या तीन दिवस इतरांबरोबर डोंगराच्या उतारावर बसून होती; चौथ्या दिवशी सैन्याच्या मदतीने तिला खाली आणले. पुढे बारा वर्षे तिने आपले दुःख कधी उगाळले नाही. पण एक रुखरुख तिला होती. त्या मुलाचे नाव तिने विचारले नव्हते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी ती गेली. जाण्याआधी मला जवळ बोलावून तिने एक पाकीट हातात ठेवले आणि म्हणाली, "हे काकांच्या नावाने तिकडच्या मुलांना दे. देवळात देऊ नकोस, देवाजवळ पुष्कळ आहे."

मी गाण्याचा मास्तर. आमचे अण्णा होळकर दरबाराच्या अखेरच्या वर्षांत, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा, आजोबांच्या शेजारी पखवाज घेऊन बसत. नाना पानश्यांच्या परंपरेतला हात होता त्यांचा. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, दरबाराच्या आठवणी मात्र जेवणाच्या पानावर रोज वाढलेल्या असत. डोंगराशी माझा संबंध म्हणाल तर जानापावच्या टेकडीपुरता. तरी आत्याचे पाकीट घेऊन मी गेल्या ऑक्टोबरात हृषीकेशहून अलकनंदेच्या काठाकाठाने चमोली जिल्ह्यात गेलो. तिथल्या एका गावच्या शाळेत तरुण मुलामुलींचे बारा दिवसांचे शिबिर भरले आहे, असे एका स्नेह्याने कळवले होते.

पस्तीसएक मुले होती, त्यांत जवळजवळ निम्म्या मुली. शिकवणारे दोघे. एक, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. आणि दुसरी, त्याच गावची एक सत्तरी ओलांडलेली बाई. तिला सगळे 'दादी' म्हणत. सुभेदारसाहेब संकटातून माणूस बाहेर कसा काढायचा ते शिकवीत. दादी डोंगर जागेवर कसा ठेवायचा ते शिकवी. मला आधी वाटले, हे दोन वेगळे विषय आहेत. दोनच दिवसांत कळले की विषय एकच आहे.

पहिल्या संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी मुलांना गोहना तालाची हकीकत सांगितली. ती मला ठाऊक नव्हती. वाचकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. १८९३ च्या सप्टेंबरात बिरही नदीच्या खोऱ्यात डोंगराचा प्रचंड कडा कोसळला आणि सुमारे ९०० फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला. मागे पाणी तुंबू लागले. इंग्रज इंजिनिअरांनी जागेवर जाऊन हिशेब केला, की हे तळे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टच्या सुमारास भरून वाहील आणि बांध फुटेल. मग त्यांनी वर्षभर तयारी केली. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारयंत्राची तार टाकली. पाणी कुठवर चढेल ते दाखवणारे खांब डोंगराच्या उतारांवर उभारले. झुलते पूल सोडवून ठेवले. काठची वस्ती वर हलवली. १८९४ च्या २५ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. श्रीनगर हे गढवालचे जुने शहर जवळजवळ धुऊन गेले. पण माणसे किती दगावली? फक्त पाच. एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना तिथून हलवले होते. ते पुन्हा परत आले होते.

'परत आले होते' हे शब्द ऐकले आणि मी उठून बाहेर अंगणात गेलो. थोड्या वेळाने सुभेदारसाहेबही आले. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मास्टरजी, ऊपर ले जाना आधा काम है. ऊपर रोककर रखना बाकी आधा. मैं यही सिखाता हूँ." शिबिरात त्यासाठी खास पाठ होता. वर नेलेल्या माणसांची मोजणी करायची, प्रत्येकाला कोणाची तरी जोडी लावून द्यायची, आणि उताराच्या तोंडाशी एकाने उभे राहायचे. काकांच्या वेळी तो मुलगा एकटा होता आणि माणसे दहाबारा. त्याचा काही दोष नव्हता.

१८९४ नंतर गोहन्याचे तळे आटून लहान झाले होते. ते १९७० च्या २० जुलैला गाळाने भरून पुरते फुटले आणि अलकनंदेला महापूर आला. या वेळी तार नव्हती आणि खांबही नव्हते. बेलाकूची नावाची वस्ती पुराने नेली. गाळ थेट मैदानापर्यंत जाऊन गंगेचा कालवा भरला. गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट यांनी १९६४ साली दशोली ग्राम स्वराज्य संघ काढला होता. त्याचे कार्यकर्ते मदत घेऊन गावोगाव पायी फिरले. जिथे वरची जंगले तोडली होती, तिथे खाली नुकसान अधिक होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढचा इतिहास आपण सर्वांनी ऐकलेला आहे. १९७३ च्या एप्रिलात मंडल गावात आणि १९७४ च्या २६ मार्चला रेणी गावात गावची माणसे झाडांच्या आड उभी राहिली. रेणीला पुरुष त्या दिवशी गावात नव्हते. गौरादेवी आणि २७ बायका होत्या. ते 'चिपको'. पण चिपकोनंतर काय झाले ते आपण फारसे ऐकत नाही. झाड वाचवून ही मंडळी थांबली नाहीत. उघड्या पडलेल्या उतारांवर त्यांनी शिबिरे भरवली. गावच्या बायका आणि कॉलेजातली मुले एकत्र राहून दगडी बांध घालीत, रोपे लावीत आणि त्यांना कुंपण घालीत. चंडीप्रसादांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मोलाची मला ही शिबिरांची प्रथा वाटते. दादी तशाच शिबिरांत घडलेली.

दादीचा वर्ग सकाळी उतारावर भरे. ती मुलांच्या हातात पुस्तक देत नसे, माती देई. बांजाखालची माती काळी आणि ओली. चिडाखालची कोरडी, वर वाळलेल्या सुयांचा थर. या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात एका काडीने तो पेटतो आणि डोंगर जळत जातो. जळालेल्या उतारावर पहिला पाऊस पडला की माती वाहून खाली येते. म्हणून पिरूल वेचून न्यायचा, आग पुढे सरकू नये म्हणून पट्टे मोकळे ठेवायचे, आणि पाण्याच्या झऱ्यावर बांज, बुरांस यांची राखण करायची. जिथे दरड नुकतीच कोसळली आहे तिथे उतीस लावायचा; तो उघड्या दगडमातीतही मूळ धरतो. रोप लावणे हा कामाचा लहानसा भाग. खरे काम पुढच्या तीन वर्षांचे, शेळ्यागुरांपासून रोप वाचवण्याचे. "पौधा लगाना शादी है," दादी म्हणे, "असली गृहस्थी तो बाद में है."

पण झाडांची भक्त असूनही ती भाबडी नव्हती. झाडाने सगळे थांबते असे तिने एकदाही म्हटले नाही. रेणीचेच उदाहरण तिच्या डोळ्यांसमोर होते. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी रोंती शिखराजवळ साडेपाच हजार मीटरच्या सुमारास खडक आणि बर्फ यांचा अवाढव्य कडा सुटला आणि ऋषिगंगेतून लोंढा आला. दोन वीजप्रकल्प उद्ध्वस्त झाले, दोनशेवर माणसे दगावली किंवा सापडलीच नाहीत. ज्या रेणीने जंगल वाचवले, त्याच रेणीच्या पायथ्याशी हे घडले. तितक्या उंचीवर झाड उगवतच नाही. तिथे जंगल काय करणार? पण त्याच दिवशीची दुसरी गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. वरच्या गावातल्या एका आईने लोंढा पाहिला आणि खाली धरणावर काम करणाऱ्या मुलाला पुन्हापुन्हा फोन केला. त्याला आधी ती थट्टा वाटली. तिने फोन सोडला नाही. तो आणि त्याच्याबरोबरचे पुष्कळ जण जिन्याने वर धावले आणि वाचले.

दोन्ही पाठ एकत्र का, ते इथे मला उमगले. जे झाडाने आणि बांधाने रोखता येते ते रोखायचे. जे रोखता येत नाही त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला व्हायचे. आणि कुठले रोखण्याजोगे व कुठले नाही, हे त्या डोंगरावर रोज वावरणाऱ्यालाच कळते. त्याच्या खुणा मुलांना तोंडपाठ होत्या. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, घराचे दार एकाएकी अडकू लागणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे. आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे मुसळधार पाऊस चालू असता ओढ्याचे पाणी अचानक ओसरणे. त्याचा अर्थ, वर कुठे तरी बांध पडला आहे आणि तो फुटणार. अशा वेळी पाण्याच्या पुढे पळायचे नाही. ओढा सोडून आडवे व्हायचे आणि वर चढायचे.

माझा काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. पण तिसऱ्या दिवशी, बंद पडलेले हृदय छातीवर दाब देऊन चालते ठेवण्याचा पाठ चालू होता. दाब मिनिटाला १०० ते १२० पडले पाहिजेत, खोली पाच सेंटिमीटर. तीस दाबांनंतर दोन श्वास. मुले सुरुवातीला धावत सुटत आणि मिनिटभरात दमून रेंगाळत. लय घसरताना पाहून गप्प बसणे माझ्या रक्तात नाही. मी एक रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर थाप दिली. तीस हा आकडा ऐकून मला अण्णांचा गजझंपा आठवला. पखवाजातला हा ताल पंधरा मात्रांचा. दोन आवर्तने झाली की बरोबर तीस, आणि मग दोन श्वास. मिनिटाला ११० च्या लयीत मी ठेका धरला. तासाभरात सारा वर्ग त्या लयीत बसला. अण्णांचा गजझंपा ऐकायला इंदुरात आता चार माणसे जमत नाहीत. तिथे पस्तीस मुले तो हातांनी घोटत होती.

शिट्टीचा पाठही असाच. संकटात असलेल्याने मिनिटाला सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा, शिट्टी द्यायची. मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा. ज्याने ऐकली त्याने मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात धराली गावावर खीरगाडचा लोंढा आला, तेव्हा समोरच्या मुखबा गावचे लोक शिट्ट्या वाजवून आणि ओरडून खालच्यांना पळायला सांगत होते. आपणही ती चित्रफीत पाहिली असेल. मी ती शिट्टीसाठी पुन्हा ऐकली. साऱ्या गडगडाटात ती वेगळी ऐकू येते.

एका मुलीने मला आपली गोष्ट सांगितली. हे तिचे दुसरे शिबिर. पहिल्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री तिला गावच्या गधेऱ्याचे पाणी ओसरलेले दिसले. तिने शिट्टी वाजवली, सारे गाव भिजत वर जाऊन बसले. काहीच झाले नाही. वर एक झाड आडवे पडले होते, ते सकाळी सरकले, एवढेच. दुसऱ्या दिवशी लोक हसले. शेजारच्या काकीने तर बोल लावला, की पोरीच्या नादाने म्हातारा सर्दीने आजारी पडला. "अब फिर बजाऊँ, तो कोई आएगा?" असे तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दादीजवळ होते. ती म्हणाली, "पेड़ से लिपटे थे, तब हम पर भी हँसे थे. तू बजाना." मुलगी गप्प बसली. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही. पण दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या पाठाला ती सर्वांत पुढे होती.

हे सारे केवळ हिमालयापुरते आहे असे आपण मानू नये. आपल्या सह्याद्रीत ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेले, १५१ माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. तिथेही पावसात, अंधारात डोंगर चढून मदतीला गेले ते आसपासचे गिर्यारोहक तरुण. सरकारी पथक कितीही तत्पर असले तरी रस्त्याने येते, आणि दरडीत पहिला बळी रस्त्याचाच पडतो. पहिले काही तास गावाचे असतात. हे ओळखूनच केंद्र सरकारने २०१६ पासून 'आपदा मित्र' योजना सुरू केली; पुढे तिचा विस्तार ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत करण्याचे ठरले. अठरा ते चाळीस वयाच्या तरुणांना बारा दिवसांचे शिक्षण देतात. योजना चांगली आहे. पण एक गोष्ट कागदावर दिसत नाही, ती शेवटच्या दिवशी दिसली.

निरोपाच्या सभेत मी सहज विचारले, पुढच्या पावसाळ्यात तुमच्यापैकी किती जण गावात असाल? अकरा हात वर आले. बाकीचे डेहराडूनला, दिल्लीला, कुठल्या तरी हॉटेलात नाही तर कंपनीत जाणार होते. त्यांना दोष कसा देऊ? सुभेदारसाहेब हसून म्हणाले, "हर साल सिखाता हूँ, हर साल विदा करता हूँ." मला आमचे घर आठवले. दरबार गेला तेव्हा अण्णांची विद्या कुठे गेली नव्हती. हात तेच होते. पण शिष्य पांगले, कारण ती शिकून पोट भरेना. अण्णांनी शाळेत तुटपुंज्या पगारावर मुलांना पेटी आणि ताशा शिकवला. विद्या पोथीत टिकत नाही आणि प्रमाणपत्रातही टिकत नाही. ती माणसात टिकते, आणि माणूस तिथेच टिकतो जिथे त्याची चूल पेटते. संगीताचे नुकसान झाले तर एक ताल हरवतो. तिकडे वर्ग ओस पडला तर दार ठोकणारा मुलगा हरवेल.

या मुलांचा सांभाळ गावाने एकट्याने का करावा? वर राखलेल्या जंगलाचे पाणी मैदान पिते. यात्रेला आपण जातो, आणि त्यांच्या भरवशावर जातो. रोपवाटिकेचे काम, वणव्याच्या दिवसांतली राखण, यात्रेच्या वाटेवरचे मदतनीस, अशा कामांचे नियमित वेतन या शिकलेल्या मुलांना मिळाले तर अकराचे वीस हात होतील. बाईंनी धर्मशाळा बांधली तेव्हा वाटसरूला छप्पर हवे होते. आज त्याला छपराहून अधिक, हाक मारणारे माणूस हवे आहे. यात्रेच्या खर्चात जशी दक्षिणा धरतो तसा यासाठीही एक वाटा धरावा, असे मी आपल्या मंडळींना सुचवतो.

आत्याच्या पाकिटाचे काय करावे ते मी दादीला आणि सुभेदारसाहेबांना विचारले. दोर, शिट्ट्या आणि रोपांच्या कुंपणाची तार, एवढे त्यांनी मागितले. काकांच्या नावाची पाटी लावू का, असेही सुभेदारसाहेबांनी विचारले. मी नको म्हटले. त्याऐवजी वर्गात एक वाक्य रोज सांगा म्हटले, आणि तेच इथे लिहून हा लेख संपवतो. आपल्यापैकी जे पुढच्या वर्षी यात्रेला जातील त्यांनी ते गाठीशी बांधावे. रात्री कोणी अनोळखी मुलाने दार ठोकून "ऊपर चलो" म्हटले, तर त्याच्यामागून निघावे. पिशवी खोलीत राहिली तर राहू द्यावी.